परदेशात इंग्रजी शिकवायला जाताना: पहिल्या महिन्याची तयारी, कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पुण्यात बी.एड. किंवा इंग्रजीत एम.ए. करून थायलंड, व्हिएतनाम किंवा जपानमध्ये शिकवायला जाणाऱ्यांची तयारी पाहिली, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुलाखतीची तयारी चांगली झालेली असते, व्याकरण पक्के असते, पण पहिल्या चार आठवड्यांत कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे याचा विचार झालेला नसतो. त्यामुळे कागदपत्रे उलट्या क्रमाने काढली जातात, पहिल्याच तासाला धडा समजावून सांगायला सुरुवात होते आणि शाळेची आपल्याकडून नेमकी काय अपेक्षा होती हे महिनाअखेरीस कळते. पहिल्या आठवड्यांत उत्तम शिकवणे हे मुख्य काम नसते. आपली नोकरी प्रत्यक्षात काय आहे हे शोधून त्याप्रमाणे शिकवणे बदलणे हे मुख्य काम असते. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत. बहुतेक उदाहरणे थायलंडमधील शाळांची आहेत. जपान आणि व्हिएतनामचा उल्लेख फरक दाखवण्यापुरता केला आहे.

टप्पा १: होकार देण्यापूर्वीची चौकशी

पहिला प्रश्न पगाराचा नसून पात्रतेचा असतो. भारतीय पासपोर्टवर त्या देशात इंग्रजी शिकवण्याचा परवाना मिळतो का, आणि कोणत्या अटींवर, हे आधी पाहावे. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा सर्वसाधारणपणे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांनाच दिला जातो. भारतीय शिक्षकांसाठी २०१० पासून लागू झालेल्या व्यापार करारातून वाट आहे, पण तिच्यासाठी अध्यापनाची अधिकृत पात्रता लागते. थायलंडमध्ये इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या उमेदवाराकडे पदवीबरोबर टोईक किंवा आयईएल्टीएससारख्या परीक्षेचे गुण मागतात, आणि शाळेत शिकवण्यासाठी तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तिची तात्पुरती सूट आवश्यक असते. व्हिएतनाममध्ये पदवी आणि इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र या दोन्ही गोष्टी लागतात.

प्रमाणपत्राबाबत एक खुलासा करणे गरजेचे आहे. नुसता १२० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आणि सेल्टा (केंब्रिजचे इंग्रजी अध्यापनाचे प्रमाणपत्र) यांत मोठा फरक आहे. सेल्टामध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते आणि त्यावर निरीक्षकाचा अभिप्राय मिळतो. ज्यांनी बी.एड.चे पाठ घेतले आहेत त्यांना वर्गाची सवय असते, त्यामुळे त्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्रावर भागू शकते. ज्यांनी कधीच वर्ग घेतलेला नाही, त्यांनी प्रत्यक्ष सरावाचा अभ्यासक्रमच निवडावा.

> सावधान: "आधी पर्यटक म्हणून या, परवाना नंतर काढून देऊ" असे सांगणारी नोकरी घेऊ नये. पर्यटक म्हणून राहून शिकवणे बेकायदा आहे आणि पकडले गेल्यास दंड व हद्दपारी शिक्षकाच्या वाट्याला येते, एजंटाच्या नव्हे. थायलंडमधील नोकरीच्या नावाखाली लोकांना म्यानमारमधील म्यावाड्डी भागात नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले असून भारत सरकारने २०२२ पासून याबाबत इशारे दिले आहेत. शाळेचे नाव सांगायला टाळाटाळ होत असेल किंवा विमानतळावरून सीमेलगतच्या गावी नेण्याची भाषा असेल, तर तिथेच थांबावे.

> तपासा: एजंटमार्फत जात असाल तर त्याची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे का? करारावर शाळेचे नाव, पत्ता, आठवड्याचे तास, शाळेत हजर राहण्याची वेळ, सुट्ट्यांतील पगार आणि परवान्याचा खर्च कोण करणार, हे सर्व लिहिलेले आहे का?

टप्पा २: कागदपत्रे, आणि तीही योग्य क्रमाने

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. पदवी प्रमाणपत्राच्या साक्षांकनाचा क्रम ठरलेला आहे: आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य शासनाच्या स्तरावरचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालय अर्ज थेट व्यक्तीकडून न घेता नेमलेल्या एजन्सीमार्फत घेते. जपान आणि दक्षिण कोरिया परदेशी कागदपत्रे मान्य करण्याविषयीच्या हेग करारात असल्यामुळे तिथे मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे त्या करारानुसार दिलेले प्रमाणीकरण, पुरते. जो देश त्या करारात नाही, तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचेही साक्षांकन लागते. भारतात २००५ पासून अपोस्टिलची सोय आहे, पण समोरचा देश ते स्वीकारतो का, हे शाळेकडून लेखी विचारून घ्यावे. चुकीचा शिक्का घेतला तर पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते.

महाविद्यालयाने दिलेले तात्पुरते प्रमाणपत्र यासाठी उपयोगी पडत नाही. पदवीदान समारंभानंतर मिळणारे मूळ प्रमाणपत्र घेतलेले नसेल, तर तो अर्ज सर्वांत आधी करावा. बाकीची साखळी त्याच्यावर अवलंबून आहे.

महाराष्ट्रातल्या उमेदवारांची खास अडचण नावाची असते. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव असते, काही ठिकाणी आईचेही. पासपोर्टवर नाव आणि आडनाव यांचे वेगळे रकाने असतात आणि वडिलांचे नाव कधी मधले नाव म्हणून आलेले असते, कधी आलेलेच नसते. तिकडच्या कारकुनाच्या दृष्टीने ही तीन वेगवेगळी माणसे असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या नावावर असतो, म्हणून त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्रही त्याच क्रमाने साक्षांकित करून घ्यावे. त्या दाखल्यावरून दोन्ही नावांचा मेळ बसत नसेल, तर शासनाच्या राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घेणे हा लांबचा पण खात्रीचा मार्ग आहे.

पोलीस पडताळणी दाखला पासपोर्ट सेवा पोर्टलवरून अर्ज करून मिळतो आणि तुमच्या पत्त्याच्या पोलीस ठाण्यातून चौकशी होते. जुना दाखला शाळा स्वीकारत नाहीत. त्यामुळे तो फार आधी काढू नये, पदवीची कागदपत्रे शेवटच्या पायरीवर आली की अर्ज करावा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता यांतील फरक आधीच लक्षात घ्यावा.

> तपासा: साक्षांकनानंतर प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजू स्कॅन करून ठेवल्या आहेत का? शिक्के बहुधा मागच्या बाजूला असतात आणि नेमकी तीच बाजू पाठवायची राहते.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात दोनच गोष्टी. भारतातले सिम कार्ड बंद करू नये आणि त्याचे रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. पहिला पगार हाती येईपर्यंतच्या खर्चाबरोबर घराच्या अनामत रकमेचाही हिशेब धरावा; थायलंडमध्ये घर घेताना दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचे आगाऊ भाडे मागण्याची पद्धत रूढ आहे.

टप्पा ३: पुण्यात असतानाच करायचा सराव

आपल्याकडे इंग्रजीचा तास बहुतेक ठिकाणी एका पद्धतीने चालतो: उतारा वाचायचा, अर्थ मराठीत किंवा सोप्या इंग्रजीत सांगायचा, फळ्यावर प्रश्नोत्तरे लिहून द्यायची आणि पोर्शन पुढे न्यायचा. परदेशात मराठीचा आधार नसतो आणि सोप्या इंग्रजीतले स्पष्टीकरणही मुलांच्या डोक्यावरून जाते. म्हणून निघण्यापूर्वी, जिथे मुलांना इंग्रजी जवळजवळ येत नाही अशा गटासमोर, एकही मराठी शब्द न वापरता काही पाठ घ्यावेत. महापालिकेच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जाता येते; तेही जमले नाही तर सोसायटीतल्या लहान मुलांचा गट पुरतो. बी.एड.मधले सूक्ष्म अध्यापन इथे फार उपयोगी पडते: एकाच कौशल्याचा लहानसा पाठ, मोबाइलवर चित्रित करून नंतर पाहिलेला.

चित्रण पाहताना फक्त सूचना ऐकाव्यात. "नाऊ व्हॉट यू हॅव टू डू इज, यू शुड जस्ट टेक युवर बुक अँड ओपन द पेज नंबर ट्वेल्व्ह, ओके?" हे वाक्य आपल्याला साधे वाटते, पण नवशिक्या मुलाला त्यातला "बुक" तेवढा ऐकू येतो. हीच सूचना "ओपन युवर बुक. पेज ट्वेल्व्ह." अशी, मध्ये थांबून आणि हातात पुस्तक उघडून दाखवत द्यावी. एका सूचनेत एकच कृती, एवढा नियम पाळला तरी तासाचे रूप बदलते.

उच्चारांच्या बाबतीत अमेरिकन ढब आणण्याचा प्रयत्न करू नये. ती पाच मिनिटांत गळून पडते आणि मुलांचा गोंधळ वाढतो. त्याऐवजी मराठी माणसाच्या इंग्रजीत जिथे ऐकणाऱ्याची खरी अडचण होते, तेवढ्याच जागांवर काम करावे. "वेस्ट" आणि "व्हेस्ट" यांच्या सुरुवातीच्या व्यंजनांतला फरक आपण अनेकदा करत नाही. शब्दातल्या सर्व अक्षरांवर सारखाच जोर देतो, त्यामुळे "डेव्हलप" आणि "फोटोग्राफर" यांसारखे शब्द परक्या कानांना ओळखता येत नाहीत. "टुडे मॉर्निंग", "आय हॅव अ डाउट", "डबल फाइव्ह" किंवा "लाख" हे प्रयोग भारतात चालतात, पण तिथल्या सहकाऱ्यांना कळत नाहीत. वर्गात आणि ईमेलमध्ये ते टाळावेत.

त्या देशाची लिपी आणि जुजबी बोली शिकायला सुरुवात करावी. जपानी शिकण्यासाठी तर पुण्यासारखे शहर नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधल्या विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात तिचे अभ्यासक्रम आहेत.

टप्पा ४: पहिला आठवडा फक्त पाहण्याचा

शाळेत पोहोचल्यावर समन्वयकाकडे एकच विनंती करावी: पहिले काही दिवस इतरांच्या तासाला मागच्या बाकावर बसू द्या. सगळीकडे हे मिळत नाही. काही शाळा पहिल्याच दिवशी वेळापत्रक हातात ठेवतात, तेव्हा रिकाम्या तासांत बसावे.

काय पाहायचे? मुले शिक्षकाला कशी वंदन करतात, वही कुठे ठेवतात, बोलणाऱ्या मुलाला शिक्षक कसे गप्प करतात, फळ्यावरचे किती उतरवून घेतले जाते आणि एका मुलाला एकट्याने बोलायला सांगितल्यावर काय होते. थायलंडमध्ये सकाळी आठला ध्वजवंदन आणि राष्ट्रगीत होते, जवळपास आपल्या परिपाठासारखे, आणि शिक्षकाने तिथे उभे राहणे अपेक्षित असते, मग त्याचा तास दहाला का असेना. काही खोल्यांत बूट बाहेर काढावे लागतात. मुलांच्या डोक्याला हात लावू नये. आपल्याकडे ते मायेचे असले तरी तिथे डोके पवित्र मानतात. पाय कोणाकडेही रोखून बसू नये.

थाई वर्गात शिरताच वर्गप्रमुख उभे राहायला सांगतो आणि सगळा वर्ग एका सुरात "गुड मॉर्निंग, टीचर" म्हणतो. तुम्ही कसे आहात विचारले, तर चाळीस मुले एका दमात "आय अ‍ॅम फाइन, थँक यू, अँड यू?" असे उत्तर देतात. नवा शिक्षक यावरून ठरवतो की मुलांना बऱ्यापैकी इंग्रजी येते, आणि पुढचे दोन आठवडे वरच्या पातळीचे पाठटाचण करत राहतो. ते उत्तर पाठ असते. खरी पातळी पाहायची तर एका मुलाजवळ जाऊन, हळू आवाजात, पाठ नसलेला सोपा प्रश्न विचारावा: डबा कोणी दिला, घरी कोण कोण आहे.

> सावधान: मुलगा उत्तर देत नाही म्हणजे त्याला येत नाही, असा निष्कर्ष काढू नये. चारचौघांत चूक होण्याची लाज अनेक थाई आणि जपानी वर्गांत फार मोठी असते. शेजाऱ्याशी बोलून मग उत्तर देण्याची सोय केली की तोच मुलगा बोलतो.

टप्पा ५: पहिला स्वतंत्र तास

पहिल्या तासाला पुस्तक उघडू नये. फळ्यावर स्वतःबद्दलचे चार-पाच शब्द किंवा आकडे लिहावेत, उदाहरणार्थ "पुणे", "४", "चहा", "गणपती", आणि ही कशाची उत्तरे असतील ते मुलांना ओळखू द्यावे. "४" म्हणजे वय नव्हे हे कळल्यावर मुले आपोआप प्रश्न विचारू लागतात. थायलंडमध्ये गणपतीला मानणारे लोक पुष्कळ आहेत, त्यामुळे पुण्यातल्या गणेशोत्सवाचे छायाचित्र दाखवले की मुलांकडे बोलायला काहीतरी असते. ते छायाचित्र जमिनीवर ठेवू नये किंवा पायाजवळ येऊ देऊ नये.

त्यानंतर तेच मुलांनी स्वतःबद्दल करावे: आधी वहीत, मग जोडीत, आणि वेळ उरला तर दोघातिघांनी वर्गासमोर. हा क्रम उलटा केला की तास फसतो. शेवटची पाच मिनिटे वर्गाच्या तीन नियमांसाठी ठेवावीत, तेही चित्रांनी दाखवून.

मुलांना कळले का हे पाहण्यासाठी "अंडरस्टँड?" हा प्रश्न सोडून द्यावा, कारण त्याचे उत्तर नेहमी "येस" येते. "राइट ऑर स्पीक?", "वन पर्सन ऑर टू?" असे दोन पर्यायांचे प्रश्न विचारावेत. उत्तर चुकले तर सूचना पोहोचलेली नाही, आणि ती मोठ्या आवाजात नव्हे तर एका मुलाबरोबर करून दाखवून पुन्हा द्यावी.

उच्चार सुधारण्याची घाई हीदेखील पहिल्या तासाची मोठी चूक असते. थाई मुले "फुटबॉल"च्या शेवटी "न" आणि "बस"च्या शेवटी "त" म्हणतात, कारण त्यांच्या भाषेत शब्दाच्या अखेरीस "ल" आणि "स" टिकत नाहीत. जपानी मुले "डेस्क"ला शेवटी स्वर जोडून "देसुकु" म्हणतात. आपल्या कानाला हे लगेच खटकते, पण दर शब्दाला अडवले तर वर्ग गप्प होतो. पहिल्या महिन्यात एकच ध्वनी निवडून रोज दोन मिनिटे त्याचा सराव घेणे अधिक फलदायी ठरते.

टप्पा ६: दुसरा आणि तिसरा आठवडा, अपेक्षा समोरासमोर ठेवण्याचा

एका वहीत तीन रकाने करावेत: करारात काय होते, आपण काय गृहीत धरले होते, आणि प्रत्यक्षात काय दिसते. रोज दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. ज्या गोष्टींवर सर्वाधिक गैरसमज होतात त्या मी इथे देतो.

तासांची संख्या आणि हजेरीची वेळ या वेगळ्या गोष्टी आहेत. वेळापत्रकात तास कमी दिसले तरी सकाळच्या ध्वजवंदनापासून संध्याकाळपर्यंत शाळेत थांबणे हा नोकरीचाच भाग असतो. व्हिएतनाममधल्या खासगी केंद्रांत याच्या उलट, काम संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी एकवटलेले असते. दिवसभर मोकळीक असली तरी सहकाऱ्यांबरोबरची सुट्टी मिळत नाही.

जपानमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून गेलात तर वर्ग जपानी शिक्षकाचा असतो. २०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, पण बऱ्याच तासांत तुमच्याकडून उच्चाराचा नमुना, एखादा खेळ आणि संवादाची जोडी एवढेच अपेक्षित असते. दहा वर्षे स्वतःचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षकाला हे जड जाते. तरीही पहिल्या महिन्यात जपानी शिक्षकाचे पाठटाचण बदलायला सुचवू नये, तासाआधी पाच मिनिटे भेटून "आज मी काय करू?" हे विचारावे आणि सांगितलेले नीट करावे. सुचवण्याची वेळ पुढे येते.

थायलंडमध्ये क्रीडादिन, समारंभ किंवा परीक्षांमुळे तास ऐनवेळी रद्द होतात, आणि शिक्षकाला ते वर्गात गेल्यावर कळते. पोर्शन पुरा करण्याची पुणेरी सवय असलेल्यांना याचा फार त्रास होतो. प्रत्येक पाठ स्वतंत्रपणे उभा राहील असा आखला, तर बुडालेल्या तासाचे ओझे पुढच्या तासावर येत नाही.

आणि मातृभाषेचा प्रश्न. काही पालकांची, कधी शाळेचीही, अपेक्षा गोऱ्या शिक्षकाची असते. हे अन्यायाचे आहे आणि ते सहन करताना मन दुखावते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. "तुम्ही अमेरिकेचे का?" असे विचारल्यास सरळ सांगावे की मी भारतातून आलो आहे आणि इंग्रजी शाळेत शिकूनच मिळवले आहे. शाळेने खोटे सांगायला सुचवले तर नम्रपणे नकार द्यावा. परवान्याच्या कागदांवर राष्ट्रीयत्व लिहिलेलेच असते. ज्याने ही भाषा स्वतः शिकून मिळवली आहे, त्याला मूल कुठे अडेल हे आधी दिसते, आणि ते तासातून दाखवता येते.

जेवणाबद्दल एवढेच की शाकाहारींनी थायलंडमध्ये "जे" हा शुद्ध शाकाहारी जेवणासाठीचा शब्द आणि पिवळ्यावर लाल अक्षरांची त्याची पाटी ओळखायला शिकावी. नुसते "मांस नको" म्हटल्यास माशाचा सॉस येतोच.

> तपासा: तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस समन्वयकाला तीनच प्रश्न विचारून उत्तरे लिहून घेतली का? मुलांनी सत्राअखेर काय करून दाखवावे, गुण कोण आणि कशावर देतो, आणि माझ्या तासात काय बदलावे असे तुम्हाला वाटते. तिथे थेट "नाही" क्वचितच म्हणतात. "ठीक आहे" नंतरचे थांबणे आणि विषय बदलणे यांकडे लक्ष द्यावे.

टप्पा ७: चौथा आठवडा, पुन्हा कागदांकडे

वर्गाची घडी बसत असतानाच कागदांच्या मुदती जवळ येतात. थायलंडमध्ये नॉन-बी व्हिसावर (नोकरीसाठीच्या व्हिसावर) उतरल्यानंतर कामाचा परवाना आणि वास्तव्याची मुदतवाढ या दोन वेगळ्या प्रक्रिया असतात. एक झाली म्हणजे दुसरी झाली असे समजू नये. मुदतवाढ मिळाल्यावर सलग राहणाऱ्याला दर ९० दिवसांनी इमिग्रेशनकडे पत्ता कळवावा लागतो. मुदतवाढीच्या काळात दिवाळीला पुण्याला यायचे असेल, तर देश सोडण्यापूर्वी पुनर्प्रवेशाचा परवाना घ्यावाच लागतो, नाहीतर मुदतवाढ रद्द होते आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. घरमालकाने तुमच्या राहण्याची नोंद इमिग्रेशनकडे केली आहे का, हेही याच आठवड्यात विचारावे. ती नसेल तर पुढचे अर्ज अडतात.

पहिल्या पगाराची पावती कराराशी ताडून पाहावी. परवान्याचा खर्च किंवा अनामत कापली असेल आणि ती करारात नसेल, तर तोंडी न बोलता ईमेलने विचारावे, शांत शब्दांत, रक्कम आणि कराराचे कलम लिहून. शाळा बदलण्याचा विचार मनात आला तरी राजीनामा देण्यापूर्वी परवान्याचे काय होईल हे पाहावे, कारण परवाना त्याच शाळेशी बांधलेला असतो आणि नोकरी संपली की वास्तव्याचा आधारही संपतो. नव्या शाळेचे लेखी पत्र आणि जुन्या शाळेकडून परवाना रद्द करण्याची तारीख, या दोन्ही गोष्टी हातात आल्यावरच राजीनामा द्यावा.